थांब म्हणायला कुणीही चालतं

हजेरीच्या यंत्रात तिचं नाव होतं, पण कारखान्यात सगळ्यांच्या तोंडी एकच: ‘वरची’. वरची आली का, वरचीला विचारा, आज वरची घुश्शात आहे. नवा माणूस कामावर लागला की पहिल्या दिवशी त्याला वाटायचं, ही मंडळी कुठल्यातरी अदृश्य शक्तीविषयी बोलताहेत. मग त्याच्या डोक्यावरून पोलादी पत्र्यांचा गठ्ठा संथपणे सरकत जायचा आणि गैरसमज दूर व्हायचा. काहींचा पक्का व्हायचा.

वरची क्रेन चालवायची. पत्रे कापायची ती शेड इतकी लांब, की या टोकाच्या माणसाला त्या टोकाच्या माणसाचं तोंड ओळखू येत नसे, चाल ओळखू यायची. छताखाली दोन रूळ, रुळांवर क्रेन, आणि क्रेनच्या पोटाला लटकलेली काचेची केबिन. वर जायला उभी लोखंडी शिडी. एकदा वर गेलं की कुणी ‘जरा ऐका हो’ म्हणून हाक मारू शकत नाही. संसारी बाईला अशी जागा सहसा मिळत नाही, आणि वरचीला याची पूर्ण जाणीव होती.

या कामाचा एक नियम आहे. खालच्या आवाजात वर काही ऐकू येत नाही, म्हणून सगळं हातवाऱ्यांवर चालतं. आणि हातवारे फक्त एका माणसाचे घ्यायचे. त्या माणसाच्या अंगात लाल बिनबाह्यांचं जाकीट असतं. इथे ते मामांच्या अंगात असे. मामा म्हणजे कुणाचेच मामा नव्हेत. निवृत्तीला टेकलेले, मिशीचा रंग गंजासारखा, आणि वरचीला शिडी चढायला शिकवलं ते त्यांनीच. मामांना कुठे जायचं असलं तर ते जाकीट काढून दुसऱ्याच्या अंगात घालत, तेही वरची बघत असताना. याला ‘ताबा देणं’ म्हणत. ताबा दिल्याशिवाय माणूस बदलला, तर क्रेनवालीच्या लेखी तो माणूसच नाही.

एकदा खुद्द मॅनेजरसाहेब पाहुण्यांना घेऊन आले. मामा काम थांबवून हात धुवायला गेलेले. साहेबांनी ऐटीत हात वर करून इशारा केला, की तो गठ्ठा इकडे आणा. गठ्ठा जागचा हलला नाही. साहेबांनी दोन्ही हातांनी इशारा केला, मग टोपीने केला. वरचीने काचेतून त्यांच्याकडे पाहिलं आणि डबा उघडला. मामा येईपर्यंत तिचं जेवण निम्मं झालं होतं. साहेब पाहुण्यांकडे वळून म्हणाले, “बघा, आमच्याकडे नियम किती कडक!” हे वाक्य त्यांना ज्या वेगाने सुचलं, त्यावरून ते मॅनेजर का झाले हे लक्षात येतं.

नियमाला अपवाद एकच. ‘थांब’ हा इशारा कुणाचाही घ्यायचा. दोन्ही हात आडवे पसरले की मग तो मामा असो, साहेब असो, नाहीतर चहावाला, क्रेन जागच्या जागी थांबलीच पाहिजे. झाडणाऱ्या मावशींनी एके दिवशी ताडपत्री झटकायला हात पसरले आणि अख्खी शेड थांबली. त्यांनी पुन्हा झटकली, पुन्हा थांबली. मावशींनी हळूच तिसऱ्यांदा, ताडपत्री नसताना, हात पसरून पाहिले. पुन्हा थांबली. त्या दिवसापासून मावशींची चाल बदलली ती बदललीच. कुणीतरी वरचीला म्हणालं, “अगं, त्या उगाच थांबवतात तुला.”

“थांबवू देत. थांबल्याने कुणी मरत नाही.”

तर अशी ही बाई गरोदर राहिली आणि जमिनीवर आली. पोट दिसायला लागल्यावर शिडी बंद झाली. हत्यारांच्या खोलीत खुर्ची मिळाली. नवरा शाळेची बस चालवायचा. शांत माणूस, दिवसभर पोरांचा कालवा ऐकून घरी आला की त्याला शब्द जड जात. सासूने उभं आयुष्य कापडगिरणीत मागांपाशी काढलेलं. तिथल्या खडखडाटात बोलणं अशक्य, म्हणून गिरणीतल्या बायका हातांनी बोलत. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण सासूबाई अजून मीठ मागायचं तरी हवेत चिमूट सोडत. सासू-सुनेचं जमण्याचं हेच कारण असावं: दोघींनाही भांडायला आवाज लागत नसे.

प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. किडकिडीत, भरभर बोलणाऱ्या. त्यांच्या पांढऱ्या कोटाची खालची बटणं अलीकडे लागेनाशी झाली होती, कारण त्याही त्याच वाटेवर होत्या. त्यांना खाली काही चामखीळ दिसले. त्यांनी आतला नमुना घेऊन तपासायला पाठवला, आणि पुढच्या खेपेला दुर्बिणीसारख्या यंत्रातून स्वतः नीट पाहिलं. मग हातमोजे काढून समोर बसल्या.

“हे चामखीळ एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे येतात. गरोदरपणात शरीराचा पहारा जरा सैल असतो, म्हणून वाढतात. बाळंतपणानंतर बहुतेकदा आपसूक ओसरतात. फार त्रास झाला तर गोठवून काढू.”

“आणि तो नमुना?”

“ते जरा वेगळं. त्याच विषाणूच्या भाऊबंदांपैकी दुसरा एक असतो, त्याच्यामुळे गर्भाशयाच्या तोंडावरच्या काही पेशी बदललेल्या दिसताहेत. कॅन्सर नाही. पण नजर ठेवायला हवी. आत्ता हात लावायचा नाही. बाळाने मान धरली की परत यायचं, मी परत बघणार. पुष्कळ जणींचं आपलं आपण बरं होतं. काही जणींचं नाही होत.”

“आणि त्यांना कळतं कसं?”

“दुखत नाही, खुपत नाही, कळत नाहीच. परत आल्या तरच कळतं. नाही आल्या, तर काही वर्षांनी येतात. तेव्हा मग नुसतं बघून भागत नाही.” बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “बाळंतपणानंतर सगळं घर बाळाकडे बघतं. आई स्वतःला विसरते. तू विसरायचं नाहीस.”

“बाळाला काही?”

“क्वचित. फारच क्वचित. एवढ्यासाठी पोट फाडायची गरज नाही. वाटच अडली तर बघू. दूध खुशाल पाज. आणि कुणाकडून आलं हे विचारू नकोस, कारण हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. कुणाकडून, कधी, हे मलाही सांगता येणार नाही. तेव्हा घरी कोर्ट भरवू नका.”

वरचीने मनातल्या मनात बाईंच्या अंगात लाल जाकीट घातलं.

घरी अर्थातच कोर्ट भरलं. नणंद, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, औषधांच्या दुकानात काउंटरवर बसायची. सगळ्या गोळ्यांची नावं पाठ असल्यामुळे रोगही आपल्याच हाताखाली आहेत, असा तिचा समज होता.

“सिझरच करून घ्यायचं,” नणंदेने निकाल दिला. “आणि अंगावर पाजायचं नाही. डबा आणते मी दुकानातून.”

“डॉक्टर पाज म्हणाल्या, ताई.”

“डॉक्टर काय, म्हणतात! आणि मी म्हणते हे आलं कुठून? दिवसभर शंभर पुरुषांत काम करायचं म्हणजे...”

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी देठ बाजूला ठेवला. “शंभर पुरुष खाली असतात, ही वर असते. तिच्यापर्यंत पोचायला शिडी लागते, आणि तुझा भाऊ सोडून अजून कुणी चढलेला मला माहीत नाही. आणि तसं म्हणशील तर हा रोज बसभर मास्तरणींना घरी सोडतो. त्याचं काय करूया?”

बसचालक दचकला. “आई, मी काय केलं?”

“काही केलं असतंस तर बोलला असतास एवढ्यात.”

“माझ्याकडूनच आलं असेल का गं?” असं त्याने नंतर बायकोला विचारलंच. बस धुवायला काढली होती, वरची चाकाला टेकून उभी होती, आणि तो बोलताना एकच खिडकी पुसत राहिला होता.

“अहो, भार हवेत लटकत असताना तो कुणी बांधला याची चौकशी करत नाहीत,” ती म्हणाली. “आधी नीट खाली ठेवतात.”

“आणि नंतर चौकशी?”

“नंतर सगळे चहा पितात.”

त्याने खिडकी सोडून दुसरी घेतली. हा माणूस फार बोलत नसे, पण त्या दिवशी बस अशी लखलखीत झाली, की दुसऱ्या दिवशी पोरांना ती नवी वाटली.

पुढच्या महिन्यांत तिला सल्ले देणाऱ्यांची रांग लागली. चामखीळ वाढले तेव्हा कुणी लेप सांगितले, कुणी धागे, कुणी नुसतेच सुस्कारे. ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेवढंच करायची. हत्यारांच्या खोलीत मामा विचारायचे, “काय पोरी, किती हात वर आहेत सध्या?”

“मोजले नाहीत, मामा. मी एकाच हाताकडे बघते.”

मामा मिशीत हसायचे. त्यांनी शिकवलेलं पोर त्यांच्यादेखत कसोटीला उतरत होतं.

बाळंतपण नीट झालं. मुलगी. पोट फाडावं लागलं नाही, वाट अडली नाही. नणंद सिझरच्या तयारीने भली मोठी पिशवी घेऊन आली होती, ती तशीच परत घेऊन गेली. पण जाताना भाचीकडे असं काही पाहून गेली, की नंतर दुधाच्या डब्याचा विषय निघाला नाही. चामखीळ काही आठवड्यांत ओसरून गेले. बाई म्हणाल्या होत्या तसंच. सगळं बाई म्हणाल्या होत्या तसंच होत होतं, आणि घोटाळा इथेच झाला.

बाळाने मान धरली. प्रसूतिगृहातून फोन आला. “तपासणीला यायचंय. मॅडम त्यांच्या बाळंतपणाच्या रजेवर आहेत, नवीन डॉक्टर बघतील.”

“मॅडमनी सांगितलंय तसं?” वरचीने विचारलं.

“म्हणजे काय?”

“मला नाही सांगितलं. मॅडम आल्या की येते.” आणि तिने फोन ठेवला.

नवरा म्हणाला, “अगं, डॉक्टर म्हणजे डॉक्टर.”

“साहेब म्हणजेही साहेबच होते. गठ्ठा हलवला का मी?”

वरचीचा नियम अभंग होता, आणि त्यात तिचं काही चुकतंय हे तिला दाखवायचं म्हणजे ज्या गुणापायी अख्खा कारखाना तिला मानत होता, त्याच गुणावर बोट ठेवणं. शिवाय दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. नियम मोडायला धैर्य लागतं असं म्हणतात. नियम पाळायला कधीकधी थोडी भीतीही पुरते. हे तिला कळत नव्हतं असं नाही. संध्याकाळी बाळाला पाजताना ती भिंतीकडे बघत बसायची, आणि ते सासूबाई बघत बसायच्या.

मुलगी पालथी पडू लागली. पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर. मुलगी बसायला लागली आणि वरची पुन्हा कामावर रुजू झाली. पहिल्या दिवशी ती शिडी चढली तेव्हा खालून टाळ्या पडल्या. मावशींनी हात पसरले, तिने क्रेन थांबवली, आणि सगळे पोट धरधरून हसले.

त्याच आठवड्यात घरचा फोन सासूबाईंनी उचलला. गिरणीने त्यांचे कान अर्धे नेले होते, म्हणून त्यांनी पलीकडच्या मुलीला प्रत्येक वाक्य दोनदा बोलायला लावलं. मॅडमनी रजा वाढवली आहे, असं ती दोनदा म्हणाली. फार उशीर नको, हेही दोनदा म्हणाली. सासूबाईंनी फोन ठेवला, नातीला उचलून घरी आलेल्या नणंदेच्या कडेवर दिलं, आणि पोरांना शाळेत सोडून मुलगा रिकामी बस घेऊन आला तेव्हा बसपुढे उभ्या राहिल्या.

“कारखान्यात ने मला.”

“आई, ही शाळेची बस आहे.”

“मग मला शिकायचं राहिलंय असं समज.”

फाटकावरचा रखवालदार म्हणाला, “आजी, आत जाता येत नाही.”

“मला आत जायचंच नाही. शेडच्या दारात उभी राहते.”

शेडच्या दारात जमिनीवर पिवळी रेघ मारली आहे. तिच्या पलीकडे बाहेरच्याने पाऊल टाकायचं नाही. सासूबाई रेघेला अंगठा लावून उभ्या राहिल्या. वर क्रेन दूरच्या टोकाकडून येत होती, हुकाखाली पत्र्यांचा गठ्ठा, पुढे मामा एका हाताने ‘ये, ये’ करत. सासूबाईंनी पदर खोचला आणि दोन्ही हात आडवे पसरले. गिरणीत चारशे माग थांबवायचे असले तर जसे पसरत, तसे.

क्रेन थांबली.

गठ्ठा हलकेच झुलला आणि स्थिरावला. कटर थांबले, माना वळल्या. मामांनी चहूकडे पाहिलं, कुणाचा पाय अडकलाय, कुठली साखळी सुटलीय. मग त्यांना दारातल्या आजीबाई दिसल्या. त्यांनी आधी गठ्ठा खाली उतरवून घेतला. वरची शिडीवरून अशी उतरली, की कुणी तिला तेवढ्या घाईत कधी पाहिलं नव्हतं.

“आई, बाळ...?”

“बाळ बरं आहे. आत्याची बट ओढतंय. तू दवाखान्यात चल.”

वरचीचा श्वास जागेवर आला आणि पाठोपाठ आवाजही. “एवढ्यासाठी थांबवलंत? आई, सांगितलंय ना, मॅडमनी ताबा दिलेला नाही.”

“मी कुठे म्हणते त्या नव्या माणसाचं ऐक? माझंही ऐकू नकोस. मी तुला वर-खाली काही सांगत नाहीये.” सासूबाईंचे हात अजून पसरलेलेच होते. “मी थांब म्हणतेय. मॅडमची वाट बघायचं थांब. हा इशारा कुणाचाही घेतेस ना?”

मागून मावशी म्हणाल्या, “माझा घेते, तुमचा का नाही घेणार?”

“नुसती बघतेस भिंतीकडे रोज,” सासूबाई हळूच म्हणाल्या. “मला काय दिसत नाही? कान गेलेत माझे.”

वरचीने हेल्मेट काढलं. मामांनी गळा खाकरला, अंगातलं लाल जाकीट काढलं आणि वरची बघत असताना सासूबाईंच्या अंगात घातलं. ते त्यांना गुडघ्यापर्यंत आलं. “ताबा आजींकडे,” मामा म्हणाले, आणि शेडमधल्या एकाही माणसाला हे हास्यास्पद वाटलं नाही. मॅनेजरसाहेब कचेरीतून धावत आले होते. त्यांनी जाकीट पाहिलं, आजी पाहिल्या, आणि आल्या पावली परत गेले.

दवाखान्यासमोर शाळेची बस उभी राहिली. नवीन डॉक्टर पोरगेलासा होता. सासूबाईंनी जाकीट काढून त्याच्या पांढऱ्या कोटावर चढवलं.

“हे काय आहे, आजी?”

“घाला हो, याला ताबा देणं म्हणतात. नाहीतर ती हलायची नाही.”

त्याने बटणंसुद्धा लावली. वर म्हणाला, “पण मॅडमनी रजेवर जाताना हिच्याबद्दल मला बजावून सांगितलंय. म्हणजे ताबा दिला होता की.”

“हिच्या डोळ्यांसमोर दिला होता का?”

“नाही.”

“मग दिलाच नाही,” सासूबाई म्हणाल्या आणि बाकावर जाऊन बसल्या.

वरची पडद्यामागे गेली. तपासणी झाली, पुन्हा नमुना गेला, निकाल आला. पेशी आपल्या आपण सुधारल्या नव्हत्या; एक पायरी पुढेच सरकल्या होत्या. कॅन्सर अजूनही नाही. पण आणखी काही वर्षं भिंतीकडे बघण्यात गेली असती तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तापलेल्या तारेच्या कडीने बारीकसा भाग काढायचा, जागा बधिर करून, आणि त्याच दिवशी घरी.

“तारेची कडी?” वरचीने विचारलं. “किती भार झेलते?”

“काहीच नाही.”

“मग चालेल.”

तेही पार पडलं. त्यानंतरची तपासणी स्वच्छ निघाली, तिच्या पुढचीही. तेव्हा मॅडम रजेवरून परतल्या होत्या, पण वरची नवीन डॉक्टरांकडेच गेली, कारण ताबा त्यांच्याकडे होता. मॅडमनी रीतसर तो मागून घेतला. जाकीट या कोटावरून त्या कोटावर गेलं, वरची बघत असताना. मामांनी कारखान्याकडून नवं मागवलं. जुनं अजून दवाखान्यात दारामागच्या खुंटीला आहे. नणंद स्वतःची तपासणी करून घ्यायला गेली तेव्हा तिने ‘हे कुणाचं?’ म्हणून विचारलं आणि उत्तर ऐकून त्याची चुरगळलेली कड हाताने सरळ केली.

वरची आता नव्या क्रेनवाल्यांना शिकवते. नियम तोच सांगते: इशारा एकाचाच. अपवाद सांगताना मात्र खाली दाराकडे, पिवळ्या रेघेकडे बोट दाखवते आणि थोडी ताठ बसते.

परवा शेजारणीने सासूबाईंना विचारलं, “एवढी मोठी क्रेन चालवते म्हणे तुमची सून. तुमचं ऐकते का हो?”

“एकच शब्द ऐकते,” सासूबाई म्हणाल्या. “पण तो ऐकला की अख्खा कारखाना थांबतो.”